अमेरिकन मराठी मिशन, नगरची मंडळी आणि आपली मराठी



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी ऋणी आहे. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य संयोजकांनी मलाच दिले होते. ज्ञानदेव, तुकाराम, नाही तर आपल्या ग्वाल्हेरचे राजकवी भास्करराव तांबे, यांपैकी कोणाविषयी तरी मी बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी कळवलेला विषय पाहून एका सद्गृहस्थांनी मला सौजन्याने विचारले की, लष्करच्या मराठी माणसाला हा विषय जवळचा कसा वाटावा? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न मी आज करणार आहे.

महाविद्यालयात मी अनेक वर्षे अव्वल इंग्रजी कालखंड शिकवला. वाङ्मयेतिहासाची आपली पुस्तके या कालखंडात मिशनऱ्यांना एक परिच्छेद देतात. त्यांनी छापखाने आणले, कोश व व्याकरणे रचली, धर्मप्रसाराच्या हेतूने का होईना पण गद्याला चालना दिली, एवढे सांगून पुस्तक पुढे सरकते. विद्यार्थी तेवढेच पाठ करतात आणि परीक्षेत तेवढेच लिहितात. मीही बरीच वर्षे तेवढ्यावर भागवीत असे, कारण अभ्यासक्रमाला तेवढेच पुरत होते. परंतु मिशनरी आले, त्यांनी पुस्तके छापली, आणि पुढे काय? ती पुस्तके वाचणारे, त्यांतली गीते म्हणणारे, त्या शब्दांत मुलाचे नाव ठेवणारे आणि त्याच शब्दांत मृताला निरोप देणारे लोक कोण होते? ते मराठी लोक होते. जवळजवळ दोनशे वर्षे ते मराठीत प्रार्थना करीत आले आहेत. त्यांच्या मराठीचा इतिहास हा आपल्या भाषेचाच इतिहास आहे, आणि तो आपण परक्याच्या घरातली वस्तू मानून बाहेर ठेवला आहे.

प्रॉटेस्टंट पंथोपपंथ अनेक आहेत. त्या सर्वांचा आढावा घेण्यात आजचा वेळ घालवणे मला योग्य वाटत नाही. मी एकाच प्रवाहाविषयी बोलतो. तो काँग्रिगेशनल पंथाचा, म्हणजे आपल्याकडे ‘अमेरिकन मराठी मिशन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या कार्याचा. या पंथाचे मुख्य तत्त्व आधी ध्यानात घ्यावे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. या पंथात बिशप नाही. एका गावचे श्रद्धावंत एकत्र येतात, परस्परांशी आणि देवाशी करार करतात, आणि तो समुदाय हीच चर्च. आपला पाळक तो समुदाय स्वतः निवडतो, आपला कारभार स्वतः चालवतो. इमारत नंतर येते, किंवा येतही नाही.

अमेरिकेच्या ईशान्येकडील मॅसॅच्युसेट्स भागात १८१० मध्ये परदेशी कार्यासाठी एक बोर्ड स्थापन झाले. १८१२ च्या आरंभी त्या बोर्डाचे पहिले तरुण मिशनरी दोन जहाजांनी कलकत्त्यास निघाले. कंपनी सरकारला त्यांचे येणे मुळीच रुचले नाही. मिशनरी आले की रयत बिथरेल आणि व्यापार बिघडेल, अशी कंपनीला भीती होती. त्यातच अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध जुंपले, म्हणजे हे पाहुणे शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. त्यांना देशाबाहेर काढण्याचे हुकूम सुटले. त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे कलकत्त्याहून निसटून ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस पोहोचले. तेथेही हद्दपारीचा हुकूम त्यांच्या मागोमाग आला. ते एका किनारी जहाजाने कोचीनला पळाले, पकडून परत आणले गेले, आणि मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे अर्जविनंत्या करीत राहिले. अखेर १८१३ च्या सनदी कायद्यामुळे मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली आणि हे दोघे राहिले. मराठी मुलखातील प्रॉटेस्टंट मिशनचा आरंभ असा पोलिसांच्या नजरेखाली झाला. साहेबाच्या तोफेबरोबर पाद्री आला, हे वाक्य आपण सहज बोलतो. या प्रकरणात तरी साहेबाला पाद्री नकोसा होता, हे नमूद करून ठेवले पाहिजे. पुढे साहेबाचे आणि पाद्र्याचे बरे जमले, हेही तितकेच खरे.

नॉट प्रकृतीमुळे १८१५ मध्ये परतले. हॉल राहिले, मराठी शिकले, शाळा काढल्या, आणि बाजारात, धर्मशाळेत उभे राहून मराठीत बोलू लागले. त्यांचा शेवट २० मार्च १८२६ रोजी नाशिककडील प्रवासात, दोडी दापूर या गावी पटकीने झाला. त्याच वर्षी मुंबईत मराठी नवा करार छापून पूर्ण झाला.

या भाषांतराआधी मराठीत नवा करार नव्हता असे नाही. विल्यम केरी यांनी श्रीरामपूरला १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये संपूर्ण नवा करार मराठीत काढला होता. तो नवा करार मोडी लिपीत होता. केरींचे साहाय्यक पंडित वैजनाथ शर्मा नागपूरकडचे. बंगालमध्ये बसून, नागपुरी वळणाच्या पंडिताच्या मदतीने केलेली ती मराठी मुंबई-पुण्याच्या कानाला ओळखीची वाटेना. म्हणून अमेरिकनांनी काम पुन्हा हाती घेतले. येथे एक गोष्ट मला विशेष वाटते. मराठी गद्याचे प्रमाण कोणते, पुण्याचे की नागपूरचे, हा वाद आपण पुढे शंभर वर्षे घातला. त्याची पहिली ठिणगी बायबलच्या भाषांतरात पडली होती. आपण ग्वाल्हेरकर तर या वादात सदाच तिसऱ्या बाजूला. आपल्या बोलण्यातील ‘करून राहिला’ ऐकून पुण्याचे नातलग हसतात, हा अनुभव येथे बसलेल्या कोणाला नाही?

छपाईचे श्रेयही थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे. १८१६ मध्ये होरेशिओ बार्डवेल हे मुद्रणाची माहिती असलेले मिशनरी मुंबईस आले आणि पुढच्या वर्षापासून अमेरिकन मिशनचा छापखाना मराठी पत्रके छापू लागला. त्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी बालबोध लिपीचे नवे, सुबक खिळे तयार केले. आता त्याची फळे पाहा. गणपत कृष्णाजी यांनी मिशनच्या छपाईवरून स्फूर्ती घेऊन स्वतःचे शिळाप्रेस उभारले आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. जावजी दादाजी हे लहान वयात ग्रॅहमसाहेबांच्या हाताखाली मिशनच्या छापखान्यात कामाला लागले, आणि १८६९ मध्ये त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या देवघरातील पोथ्या, संस्कृत काव्यनाटकांच्या त्या नेटक्या आवृत्त्या, यांचे अक्षर ज्या हाताने घडवले, तो हात अक्षर शिकला मिशनच्या छापखान्यात. ज्या धर्माचे खंडन करण्यासाठी खिळे पाडले, त्याच धर्माची पुस्तके त्या विद्येने घरोघर पोहोचवली. इतिहासाला असा विनोद करण्याची सवय आहे.

आता नगरकडे वळू. अहमदनगर, २०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर. मी जुन्या काळाविषयी बोलताना ‘नगर’ एवढेच म्हणेन. १८३१ च्या अखेरीस ॲलन ग्रेव्हज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्व्ही हे तिघे तेथे गेले. कोरडी हवा, छावणी आणि चारी दिशांना जाणारे रस्ते, ही कारणे होती. त्यांच्यासोबत बाबाजी रघुनाथ हे नवख्रिस्ती ब्राह्मण गृहस्थ होते. हर्व्ही १८३२ मध्येच गेले. १८३३ मध्ये नगरची पहिली मंडळी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या सभासदांत शहरातील अनाथ, पंगू आणि वृद्ध यांच्यासाठी असलेल्या आश्रमातील माणसे होती. त्याच वर्षी बाबाजीही पटकीने वारले. रीड यांनी अमेरिकेत परतल्यावर बाबाजींचे चरित्र लिहिले आणि ते १८३६ मध्ये न्यूयॉर्कला प्रसिद्ध झाले. आश्रमातील त्या म्हाताऱ्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. हे आजच सांगून ठेवतो, कारण पुढेही तेच होणार आहे.

‘मंडळी’ हा शब्द मी मघापासून वापरतो आहे. त्यावर मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण भाषेच्या प्राध्यापकाला दुसरे येते काय? मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘बोलावून एकत्र आणलेले लोक’ असा आहे. त्याला मराठी भाषांतरकारांनी ‘मंडळी’ हा शब्द योजला. आपल्या घरात ‘मंडळी जेवायला बसली’ असे म्हणतात. जुन्या वळणाचा नवरा ‘आमची मंडळी माहेरी गेली’ म्हणाला की ती एकटी पत्नी असते. कीर्तनकार श्रोत्यांना मंडळी म्हणतो, नाटकवाले आपल्या संस्थेला मंडळी म्हणत. इतका घरगुती, इतका वापरून मऊ झालेला शब्द या पंथाने आपल्या सर्वांत पवित्र संस्थेला दिला. इमारत वेगळी आणि मंडळी वेगळी, हा काँग्रिगेशनल पंथाचा सिद्धांत मराठीला समजावून सांगण्याची गरजच पडली नाही. तो त्या शब्दात होताच.

आता आपल्या शेजारच्या हिंदीशी ताडून पाहा. ग्वाल्हेरच्या हिंदी चर्चमध्ये या अर्थी ‘कलीसिया’ म्हणतात. तो मूळचाच ग्रीक शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आलेला आहे. शब्द भारदस्त खरा, पण तो घरातून आलेला नाही. मराठीत ‘पाळक’, तर हिंदुस्तानीत ‘पासबान’. इजिप्तमधील सुटकेच्या सणाला हिंदीत ‘फसह’, तर मराठीत ‘वल्हांडण’. म्हणजे देवाचा दूत ज्या घरांना ओलांडून गेला त्या घटनेचे सरळ मराठी नाव. मराठीत ‘नवा करार’, हिंदीत ‘नया नियम’. करार म्हटला की दोन पक्ष आले, दोघांवर बंधन आले. नियम वरून येतो. आणखी एक जोडी फारच गोड आहे. ग्रीक शब्दाचा अर्थ आनंदाची बातमी. मराठीने केले ‘शुभवर्तमान’, हिंदीने ‘सुसमाचार’. आपण वर्तमानपत्र वाचतो, हिंदी भाषक समाचारपत्र वाचतो. प्रत्येक भाषेने आपापला बातमीचा शब्द पुढे केला.

सगळेच शब्द असे सुखाने बसले असे मात्र नाही. ‘तारण’ हा शब्द घ्या. कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याच्या कानात तारण म्हणजे जमीन गहाण टाकणे. त्याला ‘येशू तुझे तारण करील’ असे सांगितले की पहिल्यांदा तो काय समजला असेल, याची मला उत्सुकता आहे. ‘बाप्तिस्मा’ हा शब्द तर भाषांतर न करता जसाच्या तसा ठेवला, कारण तो विधी बुडवून करावा की शिंपडून, यावर पंथांत तंटा होता आणि मराठी शब्द निवडताच एक पक्ष घ्यावा लागला असता. संपूर्ण मराठी बायबल १८४७ मध्ये मुंबईत पूर्ण झाले. पुढे पंडिता रमाबाईंना त्या भाषांतराची मराठी बोजड आणि हिंदू तत्त्वज्ञानाच्या परिभाषेने भरलेली वाटली. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्तिसदनात, तेथल्याच स्त्रियांकडून खिळे जुळवून घेत, त्यांनी साध्या मराठीत बायबल सिद्ध केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. एका स्त्रीने मूळ भाषांतून एकटीने केलेले संपूर्ण बायबल ही मराठीतील केवढी घटना! आमच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात तिला कधी एका ओळीचीही जागा मिळाली नाही.

शिक्षणाकडे येतो. १८२४ मध्ये अमेरिकन मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ मध्ये सिंथिया फॅरार नावाची अविवाहित अमेरिकन शिक्षिका आली. त्या बोर्डाने समुद्रापार पाठवलेल्या पहिल्या अविवाहित स्त्रियांपैकी ती एक. मुंबईत, आणि १८३९ पासून नगरला, तिने १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुलींना शिकवले. जोतीराव फुले यांनी नगरला फॅरारबाईंची शाळा पाहिली, आणि पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा काढताना तो अनुभव त्यांच्या मनात होता. फुल्यांचे श्रेय याने उणे होत नाही. पाहिले तर अनेकांनी होते. १८४२ च्या जूनमध्ये नगरलाच ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. हेन्री बॅलंटाइन यांच्या पुढाकाराने निघालेले हे नियतकालिक पुढे मुंबईला गेले आणि दीडशे वर्षांहून अधिक चालले. त्याच्या जुन्या अंकांत हिंदू देवतांवरील टीका पुष्कळ आहे, आणि ती पुष्कळदा उद्धट आहे. हे झाकण्याचे मला कारण दिसत नाही. विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांसारखे वादपटू त्या टीकेला उत्तर द्यायला उभे राहिले ते उगाच नाही. पण त्याच अंकांत ग्रहणाची आकृती, आगगाडीची माहिती, विधवांची पत्रे, शाळांच्या परीक्षांचे वृत्त आहे. वाद घालता घालता मराठी गद्य लवचिक झाले, आणि ते दोन्ही बाजूंचे झाले.

आता मी माझ्या विषयातल्या अवघड भागाशी येतो. पाळक आणि उपदेशक तयार करण्याचे शिक्षण कोणत्या भाषेत द्यावे? १८५४ च्या अखेरीस बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन हे पाहणीसाठी हिंदुस्थानात आले. मंडळ्या स्वावलंबी, स्वशासित आणि स्वयंप्रसारक व्हाव्यात, असे त्यांचे मत होते. इंग्रजी शिकलेला मुलगा उपदेशक न होता सरकारी कचेरीत कारकून होतो, सबब मिशनने इंग्रजी शिक्षणावर पैसा घालू नये, उपदेशकांना त्यांच्या मातृभाषेतच शिकवावे, असा निर्णय त्यांच्या भेटीत झाला. त्याच भेटीत हरिपंत रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना नगरला पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. मराठी मंडळीला मराठी पाळक मिळाले.

मराठीचा प्राध्यापक म्हणून मला या निर्णयाचा आनंद वाटावा. काही अंशी वाटतोही. बायबलवरील टीका, उपदेशशास्त्र, चर्चचा इतिहास हे सारे मराठीत शिकवायचे ठरल्यामुळे गहन विषयांवर मराठीत बोलण्या-लिहिण्याची एक परंपरा तयार झाली. विद्यापीठांनी मराठीतून तत्त्वज्ञान शिकवण्याचा विचार करण्याच्या किती तरी आधी नगरच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात खेड्यातून आलेला तरुण मराठीत ईश्वरविद्या शिकत होता. पण नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती त्या तरुणाच्या बापाने पाहिली. धर्म बदलल्यामुळे ज्याचे गाव तुटले, ज्याचे बलुते गेले, त्याला मुलासाठी एकच दार उघडे दिसत होते, ते इंग्रजीचे. ते दार परदेशातील एका सद्हेतू गृहस्थाने मातृभाषेच्या प्रेमाने बंद केले. स्वतः त्या गृहस्थाची मातृभाषा इंग्रजी होती! पुढील काही दशकांतच मिशनला इंग्रजी शाळा पुन्हा उघडाव्या लागल्या. मातृभाषेचा आग्रह कोण धरतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या नातवंडांना कोणत्या माध्यमात घातले आहे, हे मी विचारणार नाही. माझीही नातवंडे आहेत.

धर्मशिक्षणाचा तो वर्ग १८७८ पासून रॉबर्ट ॲलन ह्यूम यांच्याकडे आला. ह्यूम १८४७ मध्ये मुंबईतच जन्मले होते आणि मराठी त्यांच्या कानावर पाळण्यापासून होती. हिंदू धर्मात सत्याचा अंश आहे असे उघड म्हणणारे ते मिशनरी. यामुळे त्यांच्या पंथातच त्यांच्यावर रोष झाला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यातील नेवासे, राहुरी या बाजूच्या खेड्यांतून माणसे मोठ्या संख्येने मंडळ्यांत आली. त्यांतली बहुतेक महार समाजाची होती, काही मांग समाजाची. आणि येथे मघाच्या आश्रमातील म्हाताऱ्यांची गोष्ट पुन्हा घडते. ब्राह्मण ख्रिस्ती झाला की त्याचे नाव, गाव, घराणे, वादविवाद, बाप्तिस्म्याची तारीख सारे लिहून ठेवलेले आढळते. वडाळ्याच्या वाडीतून आलेल्या महार उपदेशकाचे बहुधा एकेरी नाव आणि पगार. खेड्याखेड्यांतून पायी फिरून बायकांना अक्षरे आणि बायबल शिकवणाऱ्या ‘बायबल स्त्रिया’ तर अहवालात केवळ संख्या होऊन येतात. मंडळी उभी राहिली ती या लोकांच्या पायांवर. त्यांनी गावच्या पाणवठ्यापासून शाळेच्या ओट्यापर्यंत जे सोसले, त्याची वही कोणी ठेवली नाही. ख्रिस्ती झाल्यावर जात गेली का? बाहेरच्यांच्या लेखी गेली नाही, आतल्यांच्या लेखीही सर्वत्र गेली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना नाकारल्या. म्हणजे गाव ज्याला जातीने ओळखते, त्याला सरकार धर्माने ओळखते.

या मंडळीचे संगीत मी एकदाच प्रत्यक्ष ऐकले. काही वर्षांपूर्वी जुने ‘ज्ञानोदय’ पाहण्यासाठी नगरला गेलो असता रविवारी सकाळी ह्यूम मेमोरियल चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो. ऑर्गन असेल अशी माझी कल्पना. प्रत्यक्षात पेटी होती आणि तबला होता, आणि पहिल्या गीताला भूपासारख्या चालीत अभंग सुरू झाला. शेजारच्या आजीबाईंनी माझ्यासमोर आपले गीतांचे पुस्तक धरले. त्यांना स्वतःला ते लागत नव्हते. त्यांची पद्धत आपल्या वारकऱ्यांची, डोळे मिटून आणि टाळी हलक्या हाताने. माझ्या शोधप्रबंधात जे मला मांडता आले नव्हते ते त्या अर्ध्या तासात माझ्या समोर होते.

याचे श्रेय बरेचसे नारायण वामन टिळकांचे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. म्हणजे मराठी ख्रिस्ती काव्याचे बीज आपल्या या मध्य भारताच्या लोहमार्गावर पडले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, नगरला ते मिशनमध्ये काम करू लागले, धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवू लागले, आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदया’चा मराठी भाग त्यांनी सांभाळला. ‘उपासना संगीत’ या संग्रहात त्यांची दोनशेहून अधिक गीते आहेत. आधीच्या मिशनऱ्यांनी पाश्चात्त्य चालींवर मराठी शब्द बसवले होते, त्यांतले काही अजूनही म्हटले जातात. पण मराठी माणसाचा गळा तेथे अवघडतो. टिळकांनी अभंग, ओवी, पदे आणली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. बालकवी ठोमरे त्यांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंविषयी मी येथे बोलत नाही, ‘स्मृतिचित्रे’ आपण सर्वांनी वाचलेले आहे. वाचले नसेल त्यांनी आज रात्री सुरू करावे.

टिळकांचे मिशनशी पुरते पटले असे नाही. परदेशी पगारावर चालणारी मंडळी स्वतःच्या पायांवर कधी उभी राहणार, हा त्यांचा काच होता. मूळ पंथाचे तत्त्वच स्वशासनाचे असताना मराठी मंडळ्या पैशासाठी आणि निर्णयासाठी मिशनऱ्यांच्या समितीकडे पाहत होत्या. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही येऊ शकत. ९ मे १९१९ रोजी ते वारले आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही.

कीर्तनाचा प्रकार तर लष्करकरांना विशेष आवडावा. नगरच्या मंडळींत कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले. पूर्वरंग, उत्तररंग, मध्ये पदे, साक्या, दिंड्या, साथीला मृदंग, आणि आख्यान उधळ्या पुत्राचे! ज्या गावात तानसेन समारोहाचा आरंभ ढोलीबुवा महाराजांच्या परंपरेतील हरिकथेने आणि मिलादने होतो, त्या गावाला हे नवल वाटू नये. कीर्तन हे भांडे आहे, त्यात कोणाची कथा ओतावी यावर भांड्याची हरकत नसते. उलट दिशेनेही काम झाले. या मिशनचे जस्टिन ॲबट यांनी निवृत्तीनंतर अमेरिकेत बसून, पंडित नरहर गोडबोले यांच्या साहाय्याने, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास यांची चरित्रे आणि रचना इंग्रजीत आणण्याचे काम १९३२ मध्ये मृत्यू येईपर्यंत केले. मराठी संतांना इंग्रजी वाचकापर्यंत पोहोचवणारी ती मोठी मालिका एका निवृत्त पाद्र्याची.

आणि आपले ग्वाल्हेर? येथे १८७० च्या दशकात मुरारच्या छावणीत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे जोसेफ वॉरन आले. अलाहाबादचा मिशन छापखाना उभारणारे ते वयोवृद्ध गृहस्थ १८७७ मध्ये येथेच वारले, आणि त्यांच्या पत्नीने काम पुढे चालवले. माळव्यात, शिंद्यांच्या उज्जैन आणि नीमच या ठिकाणांसह, कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशन आले. त्यांचे उपदेश, शाळा आणि धर्मशिक्षण हिंदी-उर्दूत चालले. दरबार मराठी, सरदार मराठी, कारकून मराठी, पण मिशनला बोलायचे होते ते बाजारातील आणि वाडीतील माणसाशी, आणि त्याची भाषा मराठी नव्हती. म्हणून नगरला मराठी ही ओट्याबाहेरच्या माणसाची प्रार्थनेची भाषा झाली, आणि ग्वाल्हेरला ती दरबारातल्या माणसाची घरची भाषा राहिली. दरबार १९४८ मध्ये संपला. त्यानंतर आपल्या मराठीला आधार कशाचा, हा प्रश्न माझ्या पिढीपुढे होता. गणेशोत्सव, नाट्यसंस्था, आपली ही शाळा, एवढेच. नगरकडच्या खेड्यातील मंडळीला मात्र दर रविवारी मराठी वाचावी लागते, मोठ्याने म्हणावी लागते, मुलांना पाठ करवून घ्यावी लागते. तेथे भाषेविषयी परिसंवाद होत नाहीत.

पुढचे थोडक्यात सांगतो. नगरकडच्या मंडळ्या १९२४ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाल्या. ज्या पंथाला बिशप मान्य नव्हता त्याच्या मंडळ्यांवर आता बिशप आहे. १९४७ मध्ये भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी नगरचे महाविद्यालय काढले. उच्च धर्मशिक्षण मात्र मराठीच्या हातून बरेचसे निसटले. यवतमाळला १९५३ मध्ये सुरू होऊन १९८३ मध्ये पुण्यास गेलेले युनियन बिब्लिकल सेमिनरी इंग्रजीतून शिकवते. अँडरसनसाहेबांचा निर्णय असा शंभर वर्षांनी उलटा फिरला. पाळक इंग्रजीत शिकतो आणि मंडळीला मराठीत सांगतो. मधले भाषांतर तो एकटा, शनिवारी रात्री करीत असणार.

शेवटी एक व्यावहारिक विनंती करतो. ख्रिस्ती मराठीचा स्वतंत्र शब्दकोश हाती घ्यावा अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. माझ्याकडे सुमारे सहाशे शब्दांच्या चिठ्ठ्या झाल्या आहेत. माझ्या वयाला तो पूर्ण होईल असे दिसत नाही. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी मराठीचा अभ्यास करीत असेल तर त्या चिठ्ठ्या मी आनंदाने त्यांच्या स्वाधीन करीन. तसेच मुरार भागातील जुन्या घरांत वॉरन कुटुंबाच्या शाळेची किंवा छावणीतील चर्चची कागदपत्रे, हजेरीपट, छायाचित्रे कोणाकडे असतील तर ती रद्दीत जाण्यापूर्वी शाळेच्या ग्रंथालयास दाखवावीत. मोडीत असली तरी हरकत नाही, मोडी वाचणारे आम्ही दोघे-तिघे अजून आहोत.